अवसेची हाक

"अवसेचं पोरीला घिऊन वाळूत? डोकं ठिकाणावर हाय का तुझं, शालन?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंथरुणातच उठून बसल्या होत्या. बिकानेरची पहाटेची थंडी, दात वाजत होते, आणि मी स्टोव्हपुढं बसून धपाटी थापत होते. त्यांच्या कुशीत उजी झोपली होती. माझी उजी, माझ्या पोटची सहा वर्षांची पोरगी. तिला डोक्यापासून पायापर्यंत वाकळेत गुंडाळून त्या अशा बसल्या होत्या, की जशी मी तिला हिसकावूनच नेणार होते.

"हितं अवसेलाच हिंडायला जात्यात, आत्याबाई," मी म्हणाले. "सोनारगल्लीतल्या समद्या कारागिरांचा अवसेला खाडा असतो. भट्टी बंद, दुकान बंद. मग माणसं दुसऱ्या कुठल्या दिवशी जाणार?"

"जाऊ द्यात की. त्यांची अवस येगळी आसंल. आपली अवस ती आपली."

चंद्र काय बिकानेरला एक आणि आमच्या गावाला दुसरा असतो का! पण आत्याबाईंशी वाद घालायचा म्हणजे दगडावर डोकं आपटून घ्यायचं. मी धपाटं उलटलं.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं झाली. आम्ही गलाईवाले. खानापूर-आटपाडीकडची निम्मी माणसं ह्याच धंद्यात. जिथं म्हणून सराफकट्टा आहे तिथं आमचं एखादं माणूस भट्टी पेटवून बसलेलं असतं, जुनं सोनं-चांदी वितळवायचं आणि शुद्ध करून सोनाराला द्यायचं. कुणाच्या नशिबी कोइमतूर, कुणाच्या नशिबी बनारस. आमच्या मालकांच्या, म्हणजे उजीचे वडील सर्जेराव यांच्या, नशिबी बिकानेर आलं, आणि त्यांच्या पाठोपाठ माझ्याही.

दुकानामागंच आमची खोली होती. सोनं तेजाबात टाकलं की पिवळा धूर उठायचा आणि तो सगळा खोलीत शिरायचा. उजी दोन वर्षांची झाली आणि खोकायला लागली. खोकून खोकून निळी पडायची. डॉक्टर म्हणाला, हिला ह्या धुरातून हलवा, नाहीतर पोरगी हातची जाईल. मग मालकांनी तिला गावाकडं आत्याबाईंजवळ नेऊन ठेवली. दोन महिने म्हणून ठेवली आणि चार वर्षं झाली.

गावी आम्ही वर्षातनं एकदा जायचो, जत्रेला. पहिल्या वर्षी ती मला बघून रडली. दुसऱ्या वर्षी लाजली. तिसऱ्या वर्षी बाहेरगावच्या भट्ट्यांवरनं जत्रेला आलेले धाकटे दीर मला वहिनी म्हणतात ते ऐकून तीही मला वहिनी म्हणायला लागली, आणि आत्याबाईंना आई. जत्रेला जमलेली घरातली सगळीच त्यांना आई म्हणायची, तिचं तरी काय चुकलं? सगळे हसले. मीही हसले. मग गोठ्यात गेले आणि म्हशीच्या गळ्यात पडून रडून घेतलं. म्हशीनं बिचारीनं काही विचारलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही दुकानापासून लांब, चांगल्या हवेची खोली घेतली. वर गच्ची, समोर पिंपळ. मालकांनी गावी निरोप धाडला, उजीला घेऊन या, जूनपासून इथंच शाळेत घालू. संक्रांत झाली आणि आत्याबाई तिला घेऊन आल्या. पण आल्या त्या "चार दिस बघून जातो" म्हणत. ठेवायला आणलीय असा शब्द काही तोंडातून काढीनात.

आठ दिवस मी काय काय नाही केलं! फ्रॉक शिवला, बाहुली आणली, रोज गोडाचं केलं. पोरगी फ्रॉक घालायची, बाहुली घ्यायची, गोडाचं खायची आणि जाऊन आत्याबाईंच्या मांडीवर बसायची. वेणी त्यांनीच घालायची, घास त्यांनीच भरवायचा. मी हात पुढं केला की "नगं वहिनी" म्हणायची, तेही अगदी शहाण्यासारखं, परक्या माणसाला म्हणतात तसं. अवसेच्या आदल्या रात्री मालक म्हणाले, "हे बघ शालन, वढाताण नको. गावचे मोहिते तीन दिसांनी गाडीला बसणार हाईत, आई त्यांच्यासंगं जाईल. तवर उजी तुझ्याजवळ राहीन म्हणली तर राहील, न्हाईतर जाईल परत. रडवून ठिवायची न्हाई."

म्हणजे माझ्या हातात तो एकच सुटीचा दिवस उरला होता. त्यात अवस आली तर मी काय करू?

"तुम्ही नका येऊ मग, आत्याबाई," मी मुद्दाम म्हणाले. "आराम करा. आम्ही तिघं जाऊन येतो."

"आन् पोरगी माझ्याबिगर ऱ्हाईल व्हय?" त्या लगेच वाकळ बाजूला सारून उठल्या. "चला. काय व्हायाचं ती हुईल."

मघाराम म्हणून एक जण आमच्या दुकानाला कोळसा घालायचा. त्याची एक जुनी जीप होती. अवसेला तो आम्हाला कुठं ना कुठं घेऊन जायचा, कधी तळ्यावर, कधी देवळाला. त्या दिवशी मीच सांगितलं होतं, धोऱ्यावर ने. वाळूच्या डोंगराला तिकडं धोरा म्हणतात. मी बिकानेरला नवी आले तेव्हा पहिल्यांदा तिथंच मन रमलं होतं माझं. मला वाटलं होतं, पोरगी एकदा त्या वाळूत लोळली, हसली, की तिचंही रमेल.

शहर मागं पडलं, रस्ता सरळच्या सरळ. दोन्ही बाजूला खुरटी झुडपं आणि मधूनच एखादा उंट मान वर करून बघायचा. उजी आत्याबाईंच्या मांडीवरून टकमक बघत होती.

"आई, त्येची पाठ कुणी मोडली?"

"देवानं," आत्याबाई म्हणाल्या.

मघारामला ते सांगितल्यावर तो एवढा हसला की जीप रस्त्याखाली उतरता उतरता राहिली. 

धोऱ्याच्या पायथ्याला एक झाड होतं. आत्याबाई खाली उतरल्या, कमरेवर हात ठेवून चारी बाजूंनी नुसतं बघत राहिल्या. जिथवर नजर जाईल तिथवर पिवळी वाळू.

"आपल्याकडं पाणी न्हाई," त्या म्हणाल्या, "पर माती तरी हाय. ह्यांच्याकडं मातीबी न्हाई. आन् तरी माणसं हौसंनं हिंडाय येत्यात! धन्य हाय बाबा." मग त्या झाडाजवळ गेल्या, पाला हातात घेऊन बघितला आणि एकदम त्यांचा चेहराच बदलला. "अगं बाई, ही तर शमी! आपली शमी हितं कुठं आली?" त्यांनी झाडाला हात जोडले, खोडाला डोकं टेकवलं आणि तिथंच सावलीत फतकल मारून बसल्या. त्यानंतर काही त्या उठल्या नाहीत.

मालकांनी जीपमधलं कोळशाचं पोतं काढलं, झटकलं आणि उजीला म्हणाले, "चल, घसरगुंडी करू." ती आत्याबाईंच्या पदराला धरून उभी. यायला तयार नाही. मग मालक एकटेच वर चढले, पोत्यावर बसले आणि सुटले. अर्ध्यावर पोतं एकीकडं आणि हे दुसरीकडं. गडबडा लोळत खाली आले, तोंडात वाळू, मिशीत वाळू. उजीनं तोंडावर हात दाबला, पण डोळे हसत होते.

मी म्हटलं, हीच वेळ. पदर खोचला आणि चढले. आयुष्यात मी कधी घसरगुंडी केलेली नाही, झाडावरसुद्धा चढलेली नाही. पोत्यावर बसले, डोळे मिटले आणि "जय भवानी" म्हणून सोडून दिलं. ते पोतं असं काही सुटलं की माझ्या तोंडातून किंकाळीच निघाली. खाली येऊन आडवी झाले ती उठवेना. कानात, केसांत, चोळीत, सगळीकडं वाळू.

आणि उजी खदाखदा हसली.

चार वर्षांत माझ्यामुळं ती तशी कधी हसली नव्हती. धावत आली, माझ्या केसांतली वाळू झटकायला लागली. "वहिनी, परत! परत कर की!" मी परत केलं. मग तिला पुढ्यात घेऊन केलं. तिची पाठ माझ्या छातीला टेकलेली, तिच्या केसांचा वास नाकात, ती ओरडतेय, मी ओरडतेय. मला वाटलं, हे पोतं असंच घसरत राहावं आणि खालचा पायथा कधी येऊच नये. किती वेळा वर गेलो कुणास ठाऊक. माझे गुडघे बोलायला लागले, पण मी एकदाही "बास" म्हणाले नाही.

आत्याबाई शमीखाली बसून सगळं बघत होत्या. मांडीवर चंची उघडी, पण पान काही लावत नव्हत्या.

जेवायला बसलो तेव्हा मला जोर आला होता. धपाटं, दही, शेंगदाण्याची चटणी, सगळं मी तिच्यापुढं मांडलं. घास केला आणि तिच्या तोंडापुढं धरला. म्हटलं, आता घेणार.

तिनं घास बघितला, मला बघितलं. मग उठून आत्याबाईंच्या मांडीवर जाऊन बसली.

"आईच्या हातनं पायजे," ती म्हणाली.

माझा हात तसाच राहिला. मालकांनी खाली मान घालून जेवायला सुरुवात केली. आत्याबाईंनी धपाट्याचा तुकडा मोडला, दह्यात बुडवला आणि तिच्या तोंडात घातला. एवढंच काय ते. पण खरं सांगते, त्या घटकेला मला त्या म्हातारीचा असा राग आला, की असा राग मला कुणाचा आला नाही. एकदा तरी म्हणावं त्यांनी, जा बाळ, तुझ्या आईकडनं खा. एकदा तरी! तो घास मीच खाल्ला.

जेवणं झाली. जीपच्या इंजिनात घालायला पाणी हवं होतं, म्हणून मालक आणि मघाराम डबा घेऊन पलीकडच्या चार झोपड्यांच्या वस्तीवर गेले. मी भांडी वाळूनं घासायला बसले. उजीला वाळूत एक काळा किडा दिसला होता. त्याच्या पायांची बारीक नक्षी वाळूवर उमटत होती आणि ती नक्षी बघत बघत ती वर चालली होती.

"लांब जाऊ नगंस," आत्याबाई म्हणाल्या.

"न्हाई," ती म्हणाली, आणि गेली.

थोड्या वेळानं वारा सुटला. तिकडचा वारा सुटला म्हणजे वाळू जमिनीलगत सरपटत जाते. मी डोळ्यांवर पदर घेतला. पदर काढून बघते तर धोऱ्यावर कुणी नाही. किडा नाही, नक्षी नाही, पोरगी नाही.

आणि पलीकडनं हाक आली.

"आईऽऽ!"

मी ताडकन उभी राहिले आणि आत्याबाईंकडं बघितलं. हो, त्यांच्याकडंच बघितलं. चार वर्षं ती हाक त्यांची होती. पोरीला काय झालं तर त्या उठणार आणि मी मागनं पळणार, हे माझ्या पायांनासुद्धा पाठ झालं होतं. आत्याबाई तशाच बसून. धोऱ्याकडं पाठ करून, शमीच्या खोडाकडं बघत.

"आत्याबाई, उजी हाक मारतीया!"

"ऐकलं मी."

"मग?"

"अवस हाय," त्या म्हणाल्या. "रानात पहिल्या हाकंला ओ देऊ न्हाई. कोण आसंल, काय आसंल. तीन हाका हुईस्तवर गप ऱ्हावं."

आमच्याकडं तसं मानतात, ते मलाही माहीत होतं. अवसेला, तिन्हीसांजेला कुणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ देत नाहीत. चकवा असला तर तो तीनदा हाक मारत नाही म्हणतात. पण ही तर आपली पोरगी, उजेडी दुपार, आणि त्या आवाजात रडं होतं!

"आईऽऽ! अगं आईऽऽ!"

दुसरी झाली. तिसरी झाली.

"तीन झाल्या, आत्याबाई!"

त्या हलल्या नाहीत. त्यांचे हात चंचीचं तोंड आवळत होते, सोडत होते, परत आवळत होते. हाका येतच होत्या.

"तीन कवाच्या झाल्या!" मी ओरडले. "ऐकू येत न्हाई का तुम्हास्नी? ती तुम्हाला बोलवतीया!"

"आई म्हणून बोलवतीया न्हवं?" त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "मग तू का हुबी ऱ्हायलीस खुंटागत? तुझं पाय मोडल्यात का?"

मी पळाले. वाळूत पळणं म्हणजे काय ते ज्यानं पळून बघितलंय त्यालाच ठाऊक. पाय पुढं टाकावा आणि तो मागंच यावा. शेवटी हातापायांवर चढले. तोंडानं "आले गं, आले गं बाळा" एवढंच चाललं होतं.

धोऱ्याच्या पलीकडं, पार खाली, उजी बसली होती. वरनं घसरली होती, चप्पल वाळूत गेली होती, आणि वर चढायला गेली की वाळू तिला परत खाली आणत होती. तोंड लालबुंद झालेलं. मला बघून ती रडायची थांबली आणि माझ्या मागं बघायला लागली.

"आई कुठाय?"

"मी आले न्हवं," मी म्हणाले. गुडघ्यांवर बसले. माझाही श्वास मावत नव्हता.

ती अजून मागंच बघत होती. धोऱ्याच्या माथ्यावर कुणी आलं नाही. मग तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि मला असं धरलं, असं धरलं की तिची नखं माझ्या मानेत रुतली. मी तिला उचललं. सहा वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन तो धोरा कसा चढले ते मला आज आठवत नाही. तिचं नाक माझ्या खांद्यावर पुसत होतं, तेवढं आठवतं.

खाली आलो. आत्याबाई तशाच पाठमोऱ्या.

"आई," उजी माझ्या कडेवरनंच म्हणाली, "मी हाका मारत हुते."

"ऐकलं की."

"मग तू का आली न्हाईस?"

"मी कशाला यीऊ?" आत्याबाई म्हणाल्या. आवाज असा कोरडा की मला ओळखू येईना. "जिनं यायचं ती आली न्हवं? ऊठसूट माझ्याकडं कशाला पळतीस? आता मोठी झालीस. मला हुत न्हाई तुझं."

उजीला वाटलं असणार, आता आई हसेल, जवळ घेईल. आत्याबाईंनी चंची कमरेला खोचली आणि दुसरीकडं तोंड फिरवलं. मग उजीनं माझ्या मानेत तोंड खुपसलं, आणि पाणी घेऊन मालक परत येईपर्यंत ते वर काढलं नाही.

मालकांनी मला नजरेनंच विचारलं, काय झालं? मी मान हलवली. ते उजीला घेऊन जीपमध्ये बसले, मघाराम बॉनेट उघडून पाणी ओतायला लागला. मी भांडी गोळा करायच्या निमित्तानं आत्याबाईंजवळ गेले. माझ्या अंगाचा भडका उडाला होता.

"माझ्यावर राग हुता तर माझ्यावर काढायचा," मी म्हणाले. "लेकराचा जीव घाबराघुबरा झाला आन् तुम्ही बसून ऱ्हायलासा! अवसेला आणली म्हणून एवढं? काळीज हाय का दगड?"

त्यांनी मान वर केली. त्यांचं सगळं तोंड ओलं होतं. डोळे, गाल, हनुवटी, सगळं. किती वेळ रडत होत्या कुणास ठाऊक. पाठ करून का बसल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

"शालन," त्या म्हणाल्या, "हिला गावी अंगावरनं तोडली तवा काय केलं हुतंस?"

मला काही समजेना.

"कोरफड लावली हुतीस का न्हाई? मीच लाव म्हणले हुते. लेकरू पदराखाली शिरलं, कडू लागलं, थुकलं, रडलं. दोन दिस तुझ्याकडं बघितलं न्हाई. आन् तू भितीकडं तोंड करून रडत हुतीस. मी तुला म्हणले हुते, रडू नगंस, त्याबिगर सुटत न्हाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आज म्या लावून घेतली. दुसरं काय?"

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. वाळूत त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

"मी तिला ठिवायलाच आणली हुती गं," त्या म्हणाल्या. "श्रावणात मी चुलीपुढं पडले. चक्कर आली का काय, मला कळलं न्हाई. पोरगी दिसभर माझ्या उशाला बसून. ना चुलीत इस्तू, ना पोटात घास. कुणाला बोलवावं ती बी कळंना तिला. सांजच्याला दूध न्यायला माणूस आला तवा कळलं. उद्या मी उठलेच न्हाई तर? मनात म्हणले, आता जिची तिला देऊन टाकू. पर हितं आले आन् ती सुटंना. आन् मला बी सोडवंना. आठ दिस झालं, रोज म्हणते, आज सोडीन. आज तुझ्या हातचा घास तिनं परतवला, तवा तुझं तोंड बघवंना मला."

"मग तुम्ही बी ऱ्हावा की हितं," मी म्हणाले. मी त्यांच्यापुढं वाळूतच बसले होते. "आपण समदी राहू. आत्याबाई, ऱ्हावा की!"

"आन् म्हस कुणाच्या दावणीला बांधू? देवापुढं दिवा कोण लावंल?" त्या हसल्या, पण ते हसू काही टिकलं नाही. "आन् मी ऱ्हायले तर ती तुझी व्हायची न्हाई, शालन. ती माझ्याच मांडीवर बसंल आन् तू घास धरूनच ऱ्हाशील. सर्जेरावाला मी पडल्याचं सांगू नगंस. मला एकटीला जाऊ द्यायचा न्हाई त्यो."

परत येताना उजी माझ्या मांडीवर बसली. कुणी सांगितलं नाही, आपणहून बसली, आणि थोड्या वेळानं झोपली. मालक वळून वळून बघत होते, त्यांना आनंद मावत नव्हता. "बघ," ते म्हणाले, "म्हणलं नव्हतं, रमंल म्हणून?" मी मान हलवली. शेजारी आत्याबाई बाहेर बघत बसल्या होत्या. उजीचा एक पाय झोपेत त्यांच्या मांडीवर जाऊन पडला. त्यांनी तो अलगद उचलला, क्षणभर हातात धरला आणि माझ्याकडं ठेवून दिला.

दोन दिवसांनी मोहित्यांबरोबर त्या गाडीला बसल्या. त्या दोन दिवसांत त्यांनी उजीची वेणी घातली नाही, घास भरवला नाही. पोरगी रुसली होती. स्टेशनवर माझ्या लुगड्याच्या आड उभी राहिली, पुढं आली नाही. मालक म्हणाले, "अगं, आईच्या पाया पड." तिनं मान हलवली. "असू दे," आत्याबाई म्हणाल्या, "नगं जबरदस्ती."

मालक सामान आत चढवायला गेले. आत्याबाईंनी खिडकीतनं मला जवळ बोलावलं.

"शालन, एक काम कर. तिला मला आजी म्हणायला शिकीव. हळूहळू शिकीव. आन् आई ह्यो शब्द तुझा तू घे."

मी "व्हय" म्हणाले.

गाडी हलली. आत्याबाईंनी हात हलवला नाही. पदराचा बोळा तोंडात धरून त्या समोरच्या बाकाकडं बघत बसल्या होत्या. डबा पुढं गेला तशी उजी लुगड्याआडनं बाहेर आली, दोन पावलं पळाली, आणि थांबली. मालक रुमालानं डोळे पुसत बाजूला झाले. गाडी पार दिसेनाशी झाली तरी ती रुळांकडं बघत होती. मग परत आली आणि माझं बोट धरलं.

"वहिनी," ती म्हणाली, "आई रडत हुती. का रडत हुती?"

चार वर्षं मी ज्या शब्दासाठी तडफडले, तो घ्यायची परवानगी मला आत्ताच मिळाली होती. आजी म्हण, मी तुझी आई, एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. मी खाली वाकले, तिच्या गालावरचं पाणी पुसलं.

"आईला लांब जायचंय न्हवं," मी म्हणाले. "म्हणून रडत हुती, बाळा."